रात्रीचे फोटो: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रात्री काढलेला बिघडलेला फोटो दाखवताना बहुतेक जण एकच विचारतात, "आयएसओ किती ठेवायला हवा होता?" (आयएसओ म्हणजे मिळालेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा.) तोच फोटो मोठा करून पाहिला की लक्षात येतं, दोष आयएसओचा नाहीच. ट्रायपॉड हललेला असतो, फोकस किंचित अलीकडे पडलेला असतो, नाहीतर लेन्सच्या काचेवर बोटाचा ठसा असतो. मूळ कारण सापडत नाही, नवी लेन्स घेतली जाते, आणि फोटो तसेच येत राहतात.

दिवसा कॅमेरा बरेच निर्णय स्वतः घेतो. रात्री त्याला ते जमत नाही. त्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं, म्हणून काळं आकाश राखाडी करून टाकतं. ऑटोफोकसला उजेड-अंधाराची सीमारेषा लागते, ती मिळाली नाही की लेन्स नुसती पुढेमागे फिरत राहते. हे निर्णय आपल्याला घ्यावे लागतात, आणि ते ठरावीक क्रमाने घ्यावे लागतात: जागा, ट्रायपॉड, चौकट, फोकस, एक्स्पोजर (किती प्रकाश आत घ्यायचा ते), तपासणी. मधली एक पायरी बदलली तर तिच्या पुढच्या सगळ्या पुन्हा कराव्या लागतात. झूम बदलला की फोकस पुन्हा बघायचा, ट्रायपॉड उचलला की सगळंच पुन्हा. हा क्रम पाळला तर साध्या कॅमेऱ्यातूनही चांगले फोटो मिळतात.

## १. निघण्याआधी, घरच्या उजेडात

अंधारात उभं राहून मेनू शोधत बसणं हे रात्रीच्या फोटोग्राफीतलं सर्वात मोठं नुकसान आहे. म्हणून पुढची कामं घरीच उरकून घ्या.

काच. लेन्स स्वच्छ पुसा. दिवसा जो ठसा कधी जाणवत नाही, तोच रात्री प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय उभं करतो. समोर यूव्ही किंवा 'प्रोटेक्शन' फिल्टर लावलेला असेल तर तो काढून ठेवा. झगझगीत दिव्याचा प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवरून परावर्तित होतो आणि त्या दिव्याची उलटी, फिकट प्रतिमा चौकटीत भलतीकडेच उमटते.

बॅटरी आणि कार्ड. लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडं असताना, सेन्सर (चित्र टिपणारी चिप) सतत चालू असतो, त्यामुळे बॅटरी झपाट्याने उतरते, थंडीत तर आणखीच. जादा बॅटरी बॅगेत ठेवू नका, अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवा. कार्ड रिकामं करून घ्या.

सेटिंग. एकदाच बसून हे लावून टाका:

- फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट मिळतात, रॉमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांत १२ किंवा १४. सावलीतला तपशील नंतर वर काढायचा असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.
- मोड मॅन्युअल, ऑटो आयएसओ बंद. मॅन्युअल मोडमध्येही ऑटो आयएसओ चालू राहू शकतो आणि गुपचूप आकडे बदलतो.
- व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा तोल) ठरावीक, सुरुवातीला ३५०० ते ४००० केल्विन. ऑटोवर ठेवला तर एकाच जागेवरचे दोन फोटो दोन रंगांचे येतात.
- सेल्फ टायमर २ सेकंद, किंवा रिमोट.
- स्क्रीनचा उजेड कमी. हा का कमी करायचा ते तपासणीच्या टप्प्यात येईल.

हातांची ओळख. खोलीतला दिवा बंद करा आणि कॅमेरा हातात घ्या. न बघता शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं आहे), आयएसओ बदलता येतो का? फोकस मॅन्युअलवर टाकता येतो का? लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दिसणारं दृश्य) मोठा करायचं बटण सापडतं का? येईपर्यंत करा. हा सराव सांगितला की बहुतेक जण तो टाळतात, पण माझ्या मते सगळ्या यादीत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

टॉर्च. डोक्याला बांधायची, लाल प्रकाशाची सोय असलेली टॉर्च सर्वात बरी. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सवय मोडून टाकतो. अंधारात पाहणाऱ्या आपल्या दृष्टिपेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून तो चालतो.

आकाशाची वेळ. चंद्र कधी उगवतो आणि मावळतो ते आधी पाहून ठेवा. तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे गेल्या आठवड्याचा अंदाज या आठवड्यात उपयोगाचा नाही. आकाशगंगा हवी असेल तर अमावस्येच्या आसपासच्या रात्री निवडा. चांदण्यात उजळलेला डोंगर किंवा पाणी हवं असेल तर पौर्णिमेच्या आगेमागे जा. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश उतरेपर्यंत आकाश खऱ्या अर्थाने काळं होत नाही, तोपर्यंत फिक्या ताऱ्यांच्या मागे लागू नका.

शहरातल्या इमारती किंवा पूल यांचं गणित याच्या उलट आहे. त्यांचा सर्वोत्तम फोटो सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ८ अंश असताना मिळतो. त्या थोड्याशा वेळात निळं आकाश आणि दिवे यांची प्रखरता जवळजवळ सारखी असते, म्हणून दोन्ही एका फोटोत मावतात. तासाभराने तिथेच गेलात तर आकाश काळं ठिक्कर आणि दिवे पांढरे फटक. नवखे लोक जेवून-खाऊन निवांत निघतात आणि नेमका हाच वेळ घालवतात.

> निघताना तपासा: ट्रायपॉडची प्लेट (कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायची पट्टी) कॅमेऱ्याला लावलेली आहे ना? दुसऱ्या कॅमेऱ्याला राहिलेली प्लेट अंधारात सापडत नाही.

## २. उजेड असतानाच जागेवर पोहोचा

सूर्यास्ताआधी किमान अर्धा-पाऊण तास. एवढ्या वेळात पुढच्या गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्या: जमीन कुठे खचलेली आहे, कडा कुठे आहे, परतीची वाट कोणती, कुठले दिवे अंधार पडल्यावर लागणार आणि त्यातला कुठला थेट लेन्समध्ये येणार. विजेच्या तारा, फांद्या, फलक हे अंधारात दिसत नाहीत, पण उजळलेल्या आकाशासमोर फोटोत ठळक येतात.

मोबाइलवर दोन-तीन कोनांतून साधे फोटो काढून ठेवा. अंधार पडल्यावर चौकट ठरवताना त्यांचाच आधार घ्यायचा आहे.

> सावधान: रस्त्याच्या मधोमध, रेल्वे रुळांजवळ, कठड्यापलीकडे ट्रायपॉड लावायचा नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं असेल तर प्रकाश परावर्तित करणारं जॅकेट घाला. डोळा स्क्रीनवर असताना मागून येणारं काहीच कळत नाही, त्यामुळे शक्यतो सोबत घेऊन जा. कुठे जाताय आणि कधी परतणार ते घरी सांगून ठेवा. खासगी किंवा बंदोबस्ताच्या जागी परवानगी आधी घ्या.

## ३. ट्रायपॉड नीट रोवा

पायांचे जाड भाग आधी उघडा, सर्वात बारीक भाग गरज पडली तरच. मधला खांब खालीच राहू द्या, तो वर केला की तीन पायांवर उभी असलेली वस्तू एका काठीवर उभी राहते. एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवा म्हणजे जड लेन्समुळे तोल पुढे जाणार नाही. वाळू किंवा मऊ माती असेल तर पाय दाबून आत बसवा.

कॅमेऱ्याचा पट्टा काढा, निदान गुंडाळून ठेवा. लोंबता पट्टा वाऱ्यात हलतो आणि कॅमेरा हलवतो. ट्रायपॉडला बॅग अडकवत असाल तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. लोंबकळणारी बॅग उपकाराऐवजी अपकारच करते.

लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं कंपनरोधक, म्हणजे स्टॅबिलायझेशन, बंद करा. काही नवे कॅमेरे ट्रायपॉड ओळखतात, पण सगळे नाही. न ओळखणाऱ्या कॅमेऱ्यात नसलेला हादरा सुधारण्याच्या नादात चित्र सरकतं.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर आणखी दोन गोष्टी. आरसा वर उचलला जाताना बसणारा धक्का १/३० ते १ सेकंदाच्या शटरला सर्वाधिक भोवतो, म्हणून 'मिरर लॉक-अप' (आरसा आधीच उचलून ठेवायची सोय) वापरा किंवा लाइव्ह व्ह्यूमधून फोटो काढा. दुसरं, लांब एक्स्पोजर चालू असताना व्ह्यूफाइंडरवर झाकण घाला, नाहीतर मागचा उजेड तिथून आत शिरतो.

> तपासा: लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून दूरच्या दिव्यावर न्या आणि कॅमेऱ्याला हलकी टिचकी मारा. दिवा किती वेळ थरथरतो? दोन सेकंदांत स्थिरावला नाही तर टायमर ५ किंवा १० सेकंदांवर ठेवा. पुलावर किंवा लाकडी फळ्यांवर असाल तर माणूस वा गाडी गेल्यावर हीच थरथर पुन्हा येते. ती थांबेपर्यंत वाट पाहणं एवढाच उपाय आहे.

## ४. चौकट ठरवा

अंधारात व्ह्यूफाइंडरमधून काही दिसत नाही आणि इथे अंदाजपंचे काम चालू होतं. त्याऐवजी आयएसओ कॅमेऱ्यात जाईल तितका वर न्या, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि दोन-तीन सेकंदांचा फोटो घ्या. तो खरखरीत आणि कुरूप येईल, येऊ द्या. क्षितिज तिरकं आहे का, कडेला फांदी घुसली आहे का, मुख्य वस्तू कापली जातेय का, एवढंच त्यात बघायचं. चौकट मनासारखी होईपर्यंत असे फोटो घ्या आणि मग पुसून टाका.

क्षितिज सरळ करायला कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक पातळी वापरा. ट्रायपॉडचं डोकं घट्ट केल्यावर जड लेन्स थोडी खाली झुकते, म्हणून घट्ट केल्यानंतर पुन्हा एकदा पाहा.

चौकटीच्या जरासा बाहेर असलेला प्रखर दिवा आतल्या दिव्यापेक्षा जास्त त्रास देतो. लेन्सवर हूड (बाजूचा उजेड अडवणारा आडोसा) लावा, नाही पुरला तर हाताने आडोसा करा. मात्र हात चौकटीत येणार नाही हे बघा.

## ५. फोकस: सर्वात जास्त फोटो इथेच बिघडतात

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच ऑटोफोकस लेन्स त्या खुणेच्याही पलीकडे फिरतात आणि तापमानाप्रमाणे नेमका बिंदू सरकतो. कड लागेपर्यंत रिंग फिरवली म्हणजे अनंत आलं, ही समजूत असंख्य चांगल्या रात्री वाया घालवते.

समोर उजेडातली वस्तू असेल तर: ऑटोफोकसचा बिंदू उजेड आणि अंधार जिथे भेटतात अशा कडेवर न्या, उदाहरणार्थ दिव्याचा खांब, खिडकीची चौकट, फलकावरची अक्षरं. फोकस लागला की लगेच मॅन्युअलवर टाका. हे विसरलात तर पुढच्या क्लिकला लेन्स पुन्हा शोधाशोध सुरू करेल.

वस्तू अंधारात असेल तर: तिच्यावर टॉर्च मारा किंवा तिच्या पायाशी टॉर्च ठेवून या. फोकस घ्या, मॅन्युअलवर टाका, टॉर्च विझवा.

तारे असतील तर:

1. ॲपर्चर पूर्ण उघडा, फोकस मॅन्युअलवर.
2. लाइव्ह व्ह्यूमध्ये आकाशातला सर्वात तेजस्वी तारा किंवा खूप दूरचा दिवा शोधा.
3. तो १० पट मोठा करा.
4. रिंग सावकाश फिरवा. ठिपका लहान होत जाईल, मग पुन्हा मोठा होऊ लागेल. तसा मोठा होईपर्यंत जाऊनच मागे या. पलीकडे गेल्याशिवाय सर्वात लहान ठिपका कोणता हे कळत नाही.
5. रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. झूम लेन्स असेल तर झूमच्या रिंगवरही.

काही लेन्समध्ये फोकसची रिंग काचांना थेट जोडलेली नसते, ती मोटरला फक्त इशारा देते. अशा लेन्समध्ये कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस हलू शकतो. कॅमेरा मध्ये झोपी गेला असेल तरी फोकस पुन्हा पाहा.

जवळचा खडक आणि तारे दोन्ही स्पष्ट हवे असतात तेव्हा अंतराचा हिशेब करावा लागतो. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) २० मिमी लेन्स, एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर मोठं) आणि फोकस अनंतावर असेल, तर साधारण ५ मीटरच्या पलीकडचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. खडक दोन मीटरवर असेल तर एका फोटोत जमणार नाही. एकतर मागे सरका, नाहीतर खडकाचा वेगळा फोटो घेऊन संगणकावर जोडा. मागे सरकणं जवळजवळ नेहमीच बरं.

> तपासा: फोकस लावल्यावर एक फोटो काढा आणि तो पूर्ण मोठा करून बघा. पुढे दर अर्ध्या तासाने हेच करा. हवा गार होत जाते तसा फोकस कोणी हात न लावताही सरकतो.

## ६. एक्स्पोजर: विषयाप्रमाणे

आकडे पाठ करण्यापेक्षा क्रम लक्षात ठेवा. आधी ॲपर्चर ठरवायचं, किती खोलवर स्पष्टता हवी त्यावरून. मग शटर, समोरची हालचाल गोठवायची की वाहू द्यायची त्यावरून. उरलेला उजेड आयएसओने भरायचा. आयएसओची पाळी शेवटी.

इमारती, पूल, स्थिर दृश्य. एफ ८, आयएसओ १००, शटर लागेल तितकं. संधिप्रकाशात ते बहुधा २ ते १५ सेकंदांत बसतं. ॲपर्चर एफ ११ किंवा १६ केलं तर दिव्यांना टोकदार किरणं फुटतात. ॲपर्चरच्या पात्यांची संख्या सम असेल तर तितकीच किरणं, विषम असेल तर दुप्पट. म्हणजे ८ पात्यांना ८ आणि ९ पात्यांना १८. पण एफ १६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो.

गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा. एफ ८ ते ११, आयएसओ १००, शटर १० ते ३० सेकंद. गाडी चौकटीत शिरायच्या क्षणभर आधी शटर उघडायला हवं, त्यामुळे २ सेकंदांचा टायमर इथे अडचण करतो. रिमोट वापरा. रेषा मध्येच तुटलेली दिसत असेल तर शटर लवकर बंद होतंय.

हातात कॅमेरा, चालती माणसं. इथे सगळं उलट. ॲपर्चर एफ १.८ किंवा २, शटर १/१२५, आयएसओ ३२०० ते ६४००. बरेच जण आयएसओच्या भीतीने शटर १/१५ वर आणतात आणि सगळे चेहरे पुसट होतात. दाणेदार फोटो पाहवतो, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. शिवाय विजेचे अनेक दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर सोडून यांत्रिक शटर घ्या, आणि वीज ५० हर्ट्‌झची असेल तर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्‌झची असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवा.

ठिपक्यासारखे तारे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहिलं की तारे लांबट होतात. जुना हिशेब असा: ५०० ला लेन्सच्या मिमीने भागा. २० मिमीला २५ सेकंद. एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर आधी मिमीला १.५ ने गुणा, म्हणजे ५०० भागिले ३०, साधारण १७ सेकंद. हा हिशेब फिल्मच्या काळात पुरत होता. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तो ढिला पडतो. मी ५०० ऐवजी ३०० धरायला सांगेन: वरच्या उदाहरणात १५ आणि १० सेकंद. ॲपर्चर एफ २.८ किंवा त्याहून मोठं, आयएसओ १६०० ते ६४००.

ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा. एकच तासभराचा फोटो घेऊ नका. ३० सेकंदांचे फोटो एकामागून एक, मध्ये विश्रांती न देता, आणि नंतर संगणकावर एकत्र करा. मध्ये कोणाची टॉर्च लागली तर तेवढा एक फोटो वगळता येतो. एका तासात प्रत्येक तारा १५ अंशांचा कंस काढतो, त्यावरून किती वेळ थांबायचं ते ठरवा.

> सावधान: 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' इथे बंदच हवं. ते चालू असताना कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तितकाच वेळ शटर बंद ठेवून दुसरा, काळा फोटो घेतो. तेवढ्या वेळात तारे पुढे जातात आणि रेषा तुटक येतात.

चंद्र. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, म्हणून त्याला दिवसाचंच एक्स्पोजर लागतं. पूर्ण चंद्राला एफ ११, आयएसओ १००, शटर १/१०० इथून सुरुवात करा. अर्ध्या चंद्राला यापेक्षा दोन-एक स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). ऑटोवर ठेवलात तर पांढरी चकती मिळेल. २०० मिमीच्या लेन्सनेही सेन्सरवर चंद्र जेमतेम १.८ मिमीचा उमटतो, त्यामुळे खड्डे-पर्वत हवे असतील तर त्याहून मोठी लेन्स लागेल. चंद्र आणि खालची जमीन एका फोटोत हवी असेल तर पौर्णिमेच्या आसपास, संधिप्रकाश शिल्लक असताना उगवणारा चंद्र टिपा. नंतर दोघांच्या उजेडातलं अंतर कोणत्याही सेन्सरच्या आवाक्याबाहेर जातं.

खूप लांब एक्स्पोजरचा हिशेब आधी करा. चार मिनिटं थांबून फोटो काळा आला की उत्साह संपतो. त्याऐवजी आयएसओ ६४०० वर चाचणी घ्या. समजा ४ सेकंदांत उजेड बरोबर आला. ६४०० वरून १०० म्हणजे ६४ पट कमी, म्हणून शटर ६४ पट जास्त: २५६ सेकंद, म्हणजे ४ मिनिटं १६ सेकंद. ॲपर्चर मात्र तेच ठेवा. ३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं तो) आणि कुलूप लागणारा रिमोट वापरावा लागतो.

## ७. जागा सोडण्याआधीची तपासणी

अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीनवरचा कुठलाही फोटो उजळ वाटतो. सकाळी संगणकावर तोच फोटो काळा निघतो. म्हणूनच स्क्रीनचा उजेड कमी ठेवायचा आणि निर्णय हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) पाहून घ्यायचा. आलेखाचा उंचवटा डाव्या भिंतीला चिकटलेला असेल तर फोटो कमी उजळला आहे. आकाश काळं असलं तरी तो उंचवटा भिंतीपासून थोडा सुटलेला हवा. उजव्या बाजूला दिव्यांचे बल्ब स्वतः पांढरे पडले तर चालतं, पण त्यांच्या उजेडातल्या भिंती पांढऱ्या पडत असतील तर शटर कमी करा.

मग फोटो पूर्ण मोठा करा आणि मधोमध, चारही कोपरे, जवळची वस्तू अशा ठिकाणी फिरा. दोष सापडला तर तो कशाचा आहे हे तिथेच ओळखायला हवं:

- दिव्यांना एकाच दिशेने आकड्यासारखी शेपटी: कॅमेरा हलला. ट्रायपॉड आणि टायमर बघा.
- तारे छोट्या रेषांसारखे, सगळे एकाच रोखाने: शटर जास्त लांब.
- तारे फुगीर गोल चकत्यांसारखे: फोकस चुकला.
- मधले तारे ठिपके, कोपऱ्यातले पंख फुटल्यासारखे: लेन्सचा कोमा दोष. ॲपर्चर एक स्टॉप लहान करा.
- सगळ्यावर धुकट पदर, दिव्यांभोवती वलय: दव किंवा ठसा. काचेवर बाजूने टॉर्च मारली की लगेच दिसतं.
- प्रत्येक फोटोत त्याच जागी लाल, निळे ठिपके: सेन्सरचे तापलेले पिक्सेल. लेन्सला झाकण लावून त्याच शटर आणि आयएसओवर एक काळा फोटो घेऊन ठेवा, संगणकावर वजा करता येतो.
- सगळं पिवळंजर्द आणि व्हाइट बॅलन्स बदलूनही सुधारत नाही: कमी दाबाच्या सोडियम दिव्यांचा उजेड जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. दुसरे रंग त्यात नसतातच, म्हणून ते परत आणता येत नाहीत. फोटो कृष्णधवल करा.

आता आयएसओकडे येऊ. "दाणे नकोत म्हणून आयएसओ कमी ठेवला आणि नंतर संगणकावर उजळ केला" हा सर्वात सामान्य गैरसमज आहे. दाणे येतात ते सेन्सरवर प्रकाश कमी पोहोचल्यामुळे. शटर आणि ॲपर्चर तेच ठेवून नुसता आयएसओ खाली आणला तर प्रकाश काही वाढत नाही, आणि काळा फोटो नंतर उजळ करताना दाणे तेवढेच किंवा जास्त दिसतात. प्रकाश वाढवायचा असेल तर शटर लांबवा, ॲपर्चर उघडा, किंवा एकाच दृश्याचे अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढा. १६ फोटोंच्या सरासरीत दाणे साधारण एक-चतुर्थांश होतात.

दवाबद्दल एक सूचना. मोकळ्या आकाशाखाली लेन्सची काच हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावर पाणी धरतं. हूड लावल्याने उशीर होतो, थांबत नाही. लेन्सभोवती गरम पट्टी किंवा हात शेकायची पुडी रबरबँडने बांधली तर काच कोरडी राहते. दव पडल्यावर पुसण्यापेक्षा आधीच बांधणं सोपं.

## ८. मोबाइलवर काढत असाल तर

क्रम हाच. फक्त पायऱ्या कमी. कॅमेऱ्याची काच पुसा, कारण दिवसभर तिच्यावर बोटं फिरलेली असतात. फोन ट्रायपॉडवर लावा किंवा भिंतीला टेकवा. नाइट मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो, आणि फोन स्थिर आहे हे कळलं की बरेच फोन आपण होऊन जास्त वेळ घेतात. हातात तीन सेकंद घेणारा फोन ट्रायपॉडवर दहा किंवा अधिक सेकंद घेऊ शकतो.

हव्या त्या जागी बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. दिवे पांढरे पडणं हा मोबाइलवरचा नेहमीचा दोष यानेच जातो. बोटांनी झूम करू नका. बहुतेक फोनमध्ये टेलिफोटो कॅमेऱ्याचं ॲपर्चर लहान असतं, आणि अंधारात फोन बऱ्याचदा तो सोडून मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतो. जवळ जाता येत असेल तर जा.

> सावधान: लेझरचे झोत असलेल्या कार्यक्रमात, मोबाइल असो की कॅमेरा, झोत थेट लेन्समध्ये येईल असा फोटो घेऊ नका. सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो.

## ९. परतल्यावर

गार हवेतून उबदार खोलीत आल्याबरोबर कॅमेरा बॅगेतून काढला तर काचेवर आणि आतही पाणी धरतं. बाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. यासाठी दोन-तीन तास जाऊ द्या.

संगणकावर काम करताना खोलीत थोडा दिवा लावा आणि स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवा. क्रम असा: लेन्सचे दोष दुरुस्त करणं, व्हाइट बॅलन्स, उजळ भाग खाली आणणं, मग सावल्या थोड्या वर, दाणे कमी करणं आणि धार देणं शेवटी. सावल्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. प्रत्येक कोपरा उजळवला की फोटो रात्रीचा वाटेनासा होतो, आणि काळ्या जागांमुळे दिव्यांना आलेला उठाव जातो. दाणे कमी करणाऱ्या पट्टीचंही तेच. ती फार ओढली की भिंती आणि पानं मेणाची दिसू लागतात.

कॅमेरा ठेवण्याआधी सेटिंग मूळ जागी आणा: स्टॅबिलायझेशन चालू, फोकस ऑटोवर, टायमर बंद, व्हाइट बॅलन्स ऑटो, आयएसओ १००, स्क्रीनचा उजेड पूर्ववत, रिंगवरची चिकटपट्टी काढलेली. बॅटऱ्या चार्जिंगला लावा.